बोर्ड रिकामा होता

आमच्या घराला कुलूप लावायला अर्धा तास लागतो. कुलूप साधंच आहे, वेळ नवऱ्याला लागतो. गॅसकडे बोट दाखवून "गॅस बंद", गीझरकडे बोट दाखवून "गीझर बंद", मग नळ, मग इस्त्री. इस्त्री कधीची बिघडून माळ्यावर पडली आहे, पण तीही "बंद". हे चाकणच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत आणि तिथे असं बोट दाखवून, मोठ्याने बोलून तपासायची पद्धत आहे. पूर्वी हे सगळं एकदाच व्हायचं. मी त्यांना काळजीवाहू सरकार म्हणायचे आणि तेही हसायचे. मग प्रेस शॉपमध्ये अपघात झाला. तेव्हापासून एकाचं तीनदा झालं आणि आमच्या घरातली चेष्टा बंद पडली.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढणारं मशीन, आमच्या हॉलपेक्षा मोठं. एक कामगार साफसफाईसाठी मागच्या बाजूने आत गेला होता. पुढच्याला वाटलं सगळे बाहेर आले, आणि त्याने मशीन चालू केलं. माणूस वाचला, हात गेला. हे त्या दिवशी रजेवर होते. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो तेव्हा फोन आला. पुढे चौकशी झाली, यांच्यावर काही ठपका आला नाही. पण लोकांनी ठेवला नाही म्हणून माणूस स्वतःवर ठपका ठेवायचा थांबतो थोडाच. हे एवढंच म्हणायचे, "कुणीतरी डोकी मोजायला हवी होती."

मग हेच मोजायला लागले. लिफ्टमध्ये माणसं मोजायची, वाढदिवसाला आलेली मोजायची, बाहेर पडताना पुन्हा मोजायची. मुलगी शिकायला बाहेरगावी, म्हणजे घरात माणसं दोनच, तर तीही मोजायची. कधी भाजी चिरताना मागे वळले, तर हे दारात उभे आणि ओठ हलतायत. मला चीड यायची. हा माणूस असाच मोजत मोजत आतून संपून जाईल, ही माझी भीती होती. मला माझा आधीचा नवरा परत हवा होता.

वाकडला एका मनाच्या डॉक्टरांकडे आम्ही जायला लागलो. सासरी सांगताना त्यांना बीपीचे डॉक्टर म्हणतो. ते म्हणाले, एकदा तपासा आणि सोडून द्या. जीव कासावीस होईल, होऊ द्या. हळूहळू कमी होतं. यांनी मान डोलावली, दवाखान्यातून बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये यांनी गाडीचे चारही दरवाजे तीन वेळा ओढून पाहिले.

कंपनीत मात्र यांच्या काळजीचा उपयोग झाला. यांनी एक बोर्ड बनवला. मशीनच्या आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला बोर्डाच्या हुकाला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. आणि नियम एकच, आपला बिल्ला आपणच काढायचा. या बोर्डाने यांना जरा झोप लागायला लागली होती.

त्यातच कंपनीचं नव्या मॉडेलचं काम वेळेत झालं आणि निवडक लोकांना बायकोसकट मालदीवला पाठवायचं ठरलं. कार्यक्रमात एक दिवस बोटीने समुद्रात जाऊन व्हेल शार्कबरोबर पोहायचं होतं. व्हेल शार्क म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा. बसएवढा वाढतो, पण माणसाच्या वाटेला जात नाही, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. हे मी आईला फोनवर समजावून सांगितलं.

"खात न्हाई ते खरं," आई म्हणाली, "पन चुकून तोंडात गेलीस मंजे? त्याला काय म्हाईत तू बारीकसारीक न्हाईस ते?"

आम्ही राहतो पुनावळ्यात आणि माझं माहेरही तिथलंच. आता जिथे उंच बिल्डिंगचं पार्किंग आहे तिथे आमची विहीर होती. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून वडिलांनी आम्हा बहिणींना तिच्यात ढकललं आणि आम्ही पोहायला शिकलो. त्यामुळे पाण्याची भीती मला नव्हती. नवऱ्याला पोहता येत नाही. ते बोटीवर बसणार, मी उतरणार, असं आमचं ठरलं. मला मुख्य काळजी बोटीवरच्या माणसाची होती.

विमानतळापासूनच सुरुवात झाली. हे मोजायचे, बोट नाचवत. विमानातून उतरल्यावर मोजलं, लॉंचमध्ये मोजलं, सकाळी नाश्त्याला मोजलं. तिथे एकजण हात धुवायला गेला होता, तर हे उठून त्याला शोधायला निघाले. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मी ताट बाजूला सारलं.

आमच्यात पेंट शॉपचे एक सुपरवायझर होते, मूळचे लातूरकडचे, राहायला काळेवाडीत. मी त्यांना भाऊजी म्हणते. तेवढे हसले नाहीत. ते उठून हात धुवायला गेलेल्या माणसाला घेऊनच आले आणि म्हणाले, "हे घ्या साहेब, मोजा." भाऊजी असेच आहेत. कँटीनमध्ये स्वतःबरोबर दुसऱ्यांचीही ताटं उचलून ठेवणार, शिफ्ट सुटली की सगळ्यांची हेल्मेटं जागेवर लावणार, कुणाच्या लग्नाला गेले तर वाढप्याच्या हातातलं भांडं घेणार. "राहू द्या की, म्या करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. मीही म्हणायचे.

बोटीवर चढल्यावर यांनी बॅगेतून बोर्ड काढला. घरी बसून बनवला होता. प्लायवूडचा तुकडा, हुक आणि प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. मला पत्ता नव्हता, मी कपड्यांची बॅग भरली आणि यांनी त्यात हे कधी सरकवलं देव जाणे. माझे कान तापले. पण बोटीवरचा गाईड खूश झाला. तो रोज पर्यटकांना पाण्यात सोडायचा आणि परत मोजून घ्यायचा, त्याला आयता मदतनीस मिळाला. "व्हेरी गुड सिस्टीम, सर," म्हणाला आणि त्याने कप्तानालाही बोर्ड दाखवला. मग यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. उतरताना बिल्ला लावायचा, वर आलं की काढायचा, आपला आपणच. आणि लगेच, सांगून संपतंय न संपतंय तोच, यांचं बोट हवेत नाचायला लागलं. एक, दोन, तीन.

मी त्यांना बोटीच्या मागच्या टोकाला घेऊन गेले.

"अहो, बोर्ड आहे ना? मग तेवढंच बघा. डॉक्टर काय म्हणाले? एकदा तपासायचं आणि सोडायचं."

"हो गं. बघतो."

"बघतो नाही. आज बोटाने, तोंडाने, मनात, कशाने म्हणजे कशाने डोकी मोजायची नाहीत. मोजलीत तर माझ्या गळ्याची शपथ."

त्यांचा चेहरा पडला. "ही नको गं घालू."

"घातली."

मी एम. कॉम. झालेली बाई. पण गळ्याची शपथ आमच्याकडे चेष्टेतसुद्धा घालत नाहीत. मोडली तर जिच्या गळ्याची घातली तिच्या जिवावर येतं, आणि सुटका एकच, घालणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने "सुटली" म्हणायचं. हे या असल्या गोष्टी मानतात हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घातली. एक दिवस, फक्त एक दिवस या माणसाने डोळे मिटून ऊन खावं एवढंच माझ्या मनात होतं.

बोट खडकांच्या कडेकडेने फिरत राहिली. एका बाजूला पाणी हिरवं, तळ दिसेल असं, आणि दुसऱ्या बाजूला एकदम काळंनिळं. तिथे खोली किती, असं मी गाईडला विचारलं तर तो नुसता हसला. कप्तानाचा एक माणूस टपावर उभा राहून पाण्यात बघत होता. आम्ही तोंडावर काच आणि तोंडात नळी लावून, पायात रबराची वल्ही चढवून तयार बसलो होतो, सगळ्यांच्या अंगात एकसारखी नारिंगी जॅकेटं. मासा दिसला की लगेच उडी मारायची, तो थांबत नाही, असं सांगितलं होतं. बराच वेळ काही दिसलं नाही. एका बाईंना बोट लागली, उलट्या सुरू झाल्या. विहिरीला काठ होता, हे मला आत्ता आठवत होतं.

मग टपावरचा माणूस ओरडला आणि एकच धांदल उडाली. मी बिल्ला हुकाला अडकवला. यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला, एकदाच. त्यांचा हात दुसऱ्यांदा पट्ट्याकडे आला आणि मागे गेला, ते मी पाहिलं. मला बरं वाटलं. मी उडी मारली.

पाण्याखाली आधी काहीच नव्हतं. नळीतून माझाच श्वास घरघरत होता. मग खालच्या निळ्या अंधारात पांढरे ठिपके दिसले, रांगेने, एकाखाली एक, आणि ते ठिपके सरकायला लागले तेव्हा कळलं की ही त्याची पाठ आहे. तोंड आडवं, रुंद, कपाळ सपाट. त्याच्या पोटाशी चिकटून छोटे मासे चालले होते. त्याला कसलीच घाई नव्हती. आम्ही एवढी माणसं हातपाय झाडत होतो, त्याने आमची दखलसुद्धा घेतली नाही. मी घाबरले होते, पण घाबरल्याचं काही वाटत नव्हतं. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तो गेला.

सगळे बोटीकडे निघाले. मी शिडीपर्यंत आले, शिडीला हातही लावला. माझ्या पुढे एकजण चढत होता, म्हणून थांबले, आणि सवयीने काच पुन्हा पाण्यात घातली. तर तो खालून परत येत होता. वळला होता. मी शिडी सोडली आणि त्याच्या मागे गेले, फार नाही, आमच्या सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत असेल तेवढीच. पण माझे कान पाण्यात होते आणि डोळे त्याच्यावर.

डोकं वर काढलं तेव्हा बोटीचा आवाज वाढला होता आणि बोटीची पाठ माझ्याकडे होती.

मला वाटलं वळवतायत. मी हात वर केला. बोट वळली नाही. मी नळी थुंकून ओरडले, पुन्हा ओरडले, इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. एक लाट तोंडावर फुटली, खारं पाणी नाकात गेलं, आणि ठसका थांबेपर्यंत बोट आणखी पुढे गेली होती. लाटेच्या वर आले की दिसायची, खाली गेले की नुसतं पाणी. जॅकेट मला तरंगवत होतं. मी खाली पाहिलं. खाली काही नव्हतं, मासाही नव्हता. तिथे पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं.

मी पोहायला लागले, मग थांबले. बोटीच्या मागे पोहून कुणी बोट गाठतं का? दम गेला असता. हे येतील, मी म्हटलं. हे मोजतील, एक कमी भरेल, आणि हे अख्खी बोट डोक्यावर घेतील. सकाळी हात धुवायला गेलेल्या माणसासाठी जो उठतो, तो बायकोसाठी बसून राहील काय?

आणि मग मला शपथ आठवली.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, बाळंतपणातही नाही. आजच्या दिवसापुरतं या माणसाचं मोजणं मी स्वतः बांधून घातलं होतं. हे मोजणार नव्हते. ओठ दाबून, मुठी आवळून माझ्याच जिवासाठी हे न मोजता बसले असणार, आणि कुणी काही विचारलं तर बोर्डाकडे बघत असणार. बोर्डावर माझा बिल्ला आहे, मी मनाला सांगितलं, बिल्ला आहे तर बोट हलली कशी? आणि मी गेले तर, हा विचार आला, मी गेले तर हा माणूस उरलेलं आयुष्य काय मोजत बसेल? त्या कामगाराच्या एका हातापायी याची ही दशा झाली. मला स्वतःचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या हसणाऱ्या बायकांचा आला.

"सुटली," मी म्हटलं. तोंडात पाणी गेलं. "सुटली, सुटली, मोजा, अहो मोजा." भर समुद्रात मी एकटी बाई, डोक्यावर ऊन, आणि मी परवचा म्हणावी तशी "सुटली" म्हणत होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. बोट परातीएवढी झाली, मग ताटलीएवढी. मग तिचं नाक दिसलं.

बोटीवर काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मी शिडीला हात लावलेला भाऊजींनी पाहिला. वैनी आल्याच, म्हणून त्यांनी माझा बिल्ला काढून ठेवला, मला वाकायला नको म्हणून. पुढे त्या उलट्या होणाऱ्या बाईंना लिंबू द्यायला धावले. गाईड त्या बाईंच्याच डोक्याला पाणी लावत होता आणि रोजची मोजदाद त्याने बोर्डावर सोडली होती. तेवढ्यात टपावरच्या माणसाला पुढे आणखी एक मासा दिसला. कप्तानाने यांच्याकडे पाहिलं, यांनी बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड रिकामा होता. सगळीकडे नारिंगी जॅकेटं, त्यात मीही असेन असं धरून यांनी अंगठा वर केला. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं डोळे मिटून बसले. भाऊजी म्हणाले, साहेबांना इतकं निवांत बसलेलं म्या पहिल्यांदा बघितलो.

पण डोळे मिटून यांना राहवेना. सगळे आहेत, बोर्ड रिकामा आहे, मोजलं तर तिच्या जिवावर येईल, सगळं कळत होतं. तरी डोळे उघडले आणि मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं. "वैनी आत बाथरूमला गेल्या असतील की साहेब," भाऊजी म्हणाले. यांनी बाथरूमचं दार उघडलं, आणि मग कप्तानाचा दंड धरून यांनी जो आवाज काढला, तो आवाज कंपनीतल्या कुणी कधी ऐकला नव्हता.

गाईडने पाण्यात उडी मारून मला शिडीशी आणलं. हे शिडीवर उतरले होते, पोहता येत नसताना, छातीपर्यंत पाण्यात, एका हाताने दांडा धरून. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा पकडला. लागलं का, घाबरलीस का, काही नाही. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"आधी सुटली म्हण," ते म्हणाले. "मी मोजलंय. आधी म्हण."

"म्हटलंय कधीच," मी म्हटलं.

"माझ्यासमोर म्हण."

म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी मला वर ओढलं.

भाऊजी बोर्डाजवळ माझा बिल्ला हातात घेऊन उभे होते. "वैनी, मला वाटलं तुम्ही यायल्याच," एवढं म्हणाले आणि रडायला लागले, मोठ्या माणसाने रडू नये तसे. त्या क्षणी मला त्यांच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली, ते खोटं कशाला सांगू. हात उचलला गेला नाही कारण हातात ताकद नव्हती. हे त्यांना ओरडतील अशी मी वाट बघितली. यांनी त्यांच्या हातातून बिल्ला घेतला आणि माझ्या हातात दिला. "तुझा तू ठेव," म्हणाले.

पुढचा मासा बघायला कुणीच उतरलं नाही. बोट माघारी निघाली. बायका माझ्या अंगावर टॉवेल टाकत होत्या, कुणी चहा देत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं, आणि माझे दात वाजत होते. मला वाटत होतं, यांचं बरं होणं आता विसरा. इतक्या महिन्यांची डॉक्टरांची मेहनत पाण्यात गेली. आता हे घरात मला दर घटकेला मोजतील, आणि नको म्हणायला मला तोंड राहिलं नाही. एकीकडे असं वाटत होतं, आणि दुसरीकडे, ते मोजतात म्हणून मी हा चहा पितेय, हेही कळत होतं. दोन्ही खरं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

हे माझ्या शेजारी बसले होते. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं आणि ओठ हलत होते. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे होते, भाऊजीही, खाली मान घालून.

"अहो, आता कशाला मोजताय?" मी हळूच म्हटलं. "आलेत सगळे."

"सगळे नाही मोजत," ते म्हणाले. "एकच मोजतोय."